मुठीच्या वर दोन बोटं

कॉर्विन, इंडियाना
१० जुलै १९८९

प्रिय वेंडल,

सोबतच्या लांबोड्या खोक्यात तुझ्या ऑरिन काकाची बॅट आहे. खोकं कारखान्यातून आणलं. शवपेटीच्या कडेच्या पट्ट्या येतात ना, त्यातलं. टपाल कचेरीतल्या बाईने विचारलं, "आत कोण आहे?" मी म्हटलं, "नातेवाईक." तिने शिक्का मारून टाकला.

काम साधं आहे. हिच्यावरचं सगळं पॉलिश काढून टाक, घासून कोरं लाकूड कर, वर मेणाचा एक हात दे आणि सप्टेंबरातल्या कामगार दिनाच्या पिकनिकआधी परत पाठव. जुन्या बॅटी दुरुस्त करणं तुझं पोटापाण्याचं काम आहे हे मला माहीत आहे, म्हणूनच तुझ्याकडे पाठवते. भाषण नको.

आता कशासाठी ते सांगते. एकोणपन्नास सालच्या बेसबॉलच्या अंतिम सामन्याला यंदा चाळीस वर्षं होतात. आम्ही कॉर्विनचे पेटीवाले आणि नदीपलीकडचे मार्लोचे काचवाले. शेवटची पाळी, सामना बरोबरीत, आपला गडी तिसऱ्या बेसवर, बॅटिंगला ऑरिन, आणि चेंडू टाकणारा लेस्टर बायर्ली. लेस्टरने आतल्या अंगाला फेकलेला चेंडू ऑरिनच्या मुठीपाशी कुठेतरी लागला आणि लोळत लोळत लेस्टरकडेच परत गेला. त्या शहाण्याने चेंडू उचलून फेकायचा, की नाही? तो तिथेच उभा राहून पंचाला ओरडून सांगत बसला, "हाताला लागला! हाताला लागला!" तोवर आपला गडी शेवटच्या, घरच्या बेसवर पोचला. पंच म्हणाला, बॅटला लागला, धाव मंजूर. कप कॉर्विनला.

हाताला लागला असता तर खेळ तिथेच थांबला असता, धाव गेली असती. म्हणून लेस्टर गेली चाळीस वर्षं दर पिकनिकला तेच म्हणतो. "हात." ऑरिन म्हणतो, "बॅट." मग दोघांना मक्याची कणसं वाढून गप्प करावं लागतं.

यंदा अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये कपासाठी काचेचं कपाट बसवतायत, आणि शेजारी ही बॅट ठेवायचीय. चर्चच्या जेवणात लेस्टर सगळ्यांदेखत उठून म्हणाला, "ठेवा की. पण आधी भिंगातून बघू. मुठीपाशी चेंडूची खूण दिसली तर मी आयुष्यात तोंड उघडणार नाही. नाही दिसली, तर ऑरिनने उभं राहून तसं सांगायचं आणि कप नदीपार पाठवायचा." आणि तुझा काका, माझा शहाणा भाऊ, त्याचं तोंड मेलं, म्हणाला, "आणा भिंग!"

फोन करू नकोस. मला ऐकू येत नाही, आणि घरात ज्याला येतं त्या तुझ्या काकाला यातलं काही कळायला नकोय. त्याला मी सांगितलंय की बॅट चमकवायला पाठवली.

तुझी,
वर्ना आत्या

---

लँकेस्टर, पेन्सिल्व्हेनिया
१७ जुलै १९८९

प्रिय आत्या,

तुला वेड लागलंय का? (जोआन म्हणते, आत्याला असं लिहू नये. बायकोचं ऐकायला हवं होतं, पण लिहून झालंय, आता खोडत नाही.)

खोकं उघडलं आणि मला बसावंच लागलं. ऑरिन काकांची बॅट मी लहानपणी तुमच्या स्वयंपाकघरात चुलीच्या वर टांगलेली बघितली होती, हातात कधी मिळाली नव्हती. आणि तू म्हणतेस, घासून कोरी कर!

अगं, खेळलेल्या बॅटीवरची घाण हीच तिची श्रीमंती. चेंडूच्या शिलाईचे ठसे, बुटांच्या खिळ्यांचे ओरखडे, हात घसरू नये म्हणून फासलेलं डांबर, ह्यासाठीच माणसं जीव टाकतात. मागच्या वर्षी इथल्या एका विधवा बाईने नवऱ्याच्या बॅटी विकायच्या म्हणून तारेच्या काथ्याने लख्ख घासून वर चकाकतं वार्निश चढवलं. किती अभिमानाने आणून दाखवल्या तिने! मला तिच्या तोंडावर सांगवलं नाही. त्या बॅटी आता नुसत्या काठ्या आहेत.

तुझ्या बॅटीवर मात्र काहीतरी मजेशीर दिसतंय. वरचा थर तपकिरी आणि जाड, ब्रशने मारलेला. ब्रशचा एक केसही अडकलाय आत. पण एका जागी तो टवका उडालाय, आणि खाली दुसराच थर आहे, पातळ, कडक, सपाट. तो ब्रशचा नाही. हे दोन्ही कुणी आणि कधी लावलं? आठवून सगळं लिही. तोवर मी हिला घासणार नाही, तू कितीही ओरडलीस तरी.

तुझा,
वेंडल

---

कॉर्विन
२२ जुलै १९८९

वेंडल,

ओरडत नाही, लिहितेय. घास.

वरचा तपकिरी थर माझा. आमच्या गावात जी वस्तू हलत नाही तिला पॉलिश लागतं, हे तुला माहीत आहे. तुझे आजोबा आजारपणात फार वेळ एका जागी बसले तर आजी म्हणायची, "हला जरा, नाहीतर वर्ना ब्रश घेऊन येईल." दर वसंतात स्वयंपाकघरातल्या खुर्च्यांना लाखेचं पॉलिश करायचे, उरलेलं बॅटीला. केस माझ्या ब्रशाचा.

खालचा थर कारखान्याचा. तेव्हा मी फिनिशिंगच्या खोलीत होते, हातात फवाऱ्याची बंदूक घेऊन दिवसभर शवपेट्यांची झाकणं चमकवायची. हंगामातला शेवटचा सामना झाला की संघाच्या सगळ्या बॅटी आमच्याकडे यायच्या. झाकणांच्या रांगेत आकड्यांना उलट्या टांगायच्या आणि लॅकरचा एक हात मारायचा, हिवाळ्यात ओल लागू नये म्हणून. मार्लोवाले चिडवायचे, की पेटीवाल्यांच्या बॅटींचं दफन झालं. ते मैदानात आले की आपली पोरं खिशातून टेप काढून त्यांची उंची मोजायची. त्या मजेचं काय सांगू तुला!

ऑरिनच्या बॅटीला तो हात मीच मारला, अंतिम सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. पुसूसुद्धा दिली नाही त्याने. म्हणाला, "पुसलीस तर नशीब पुसलं जाईल." त्यानंतर तो कधी खेळला नाही. फोरमन झाला, कंबर धरली.

झालं समाधान? आता काढ सगळं. मूठ तर आधी घास, खडबडीत झालीय, हातात काटा जाईल कुणाच्या.

इथे टोमॅटो इतके आलेत की शेजारी मला बघून दारं लावून घेतात.

आत्या

---

लँकेस्टर
२९ जुलै १९८९

आत्या!!

तुला कळतंय का तू काय लिहिलंस? मी पत्र वाचत घरभर फिरलो. जोआनने दूध उतू घालवलं, माझ्यामुळेच.

नीट ऐक. तू बॅट न पुसता, सामन्याच्या दुसऱ्याच दिवशी, त्यावर लॅकर मारलंस. म्हणजे त्या सामन्यात जे काही घडलं ते सगळं त्या थराखाली जसंच्या तसं बसलंय, बरणीतल्या मुरांब्यासारखं! आणि त्यानंतर बॅट खेळलीच नाही. ब्रशने मारलं असतंस तर शाई आणि डाग फासटले असते. तू फवारलंस, म्हणून ते हललेही नसतील. चेंडूची खूण मुठीपाशी असेल तर ती तिथे आहेच, आत्या. लेस्टर बायर्लीला आणू दे भिंग, मी त्याला माझं देतो, जास्त चांगलं आहे!

आणि नशीब बघ. तुझं लाखेचं पॉलिश स्पिरिटने विरघळतं, कारखान्याचं लॅकर सहसा विरघळत नाही. म्हणजे कापसाच्या बोळ्याने, घाई न करता, मी तुझे थर उतरवून लॅकरपाशी थांबू शकतो. रंग काढायचं नेहमीचं औषध लावलं असतं तर दोन्ही गेलं असतं, खुणेसकट. विचार करूनच अंगावर काटा येतो.

जाड टोकापासून सुरुवात केलीय. मूठ शेवटी, कारण तीच खरी आणि तिच्यापर्यंत पोचेतो माझा हात सरावलेला असेल. काही दिसलं की लिहितो.

वेंडल

---

कॉर्विन
१ ऑगस्ट

वेंडल,

हे पत्र मी तुझ्या आत्याच्या नकळत लिहितोय. ती भाजी विकायला रस्त्यावर टेबल मांडून बसलीय, आणि लोक गाडी थांबवत नाहीत म्हणून हातवारे करतेय.

बॅट चमकवायला दिलीय म्हणे. छान. मला फक्त एवढंच सांगायचं होतं की मुठीकडची बाजू जरा जास्त घास. चांगली खोलवर. लाकूड फुटतंय तिथे. म्हाताऱ्या माणसाच्या हाताला लागतं. बाकी बॅट राहू दे तशीच, पण मूठ स्वच्छ कर. अगदी स्वच्छ.

वर्नाला सांगू नकोस. ती उगाच काहीतरी अर्थ काढेल. तिचा माझ्यावर फार विश्वास आहे.

जोआनला नमस्कार. सध्या जेवण जात नाही, उकाडा फार.

ऑरिन काका

---

लँकेस्टर
४ ऑगस्ट १९८९

प्रिय आत्या,

बातमी! बातमी! जाड टोक साफ झालं. तुझा तपकिरी थर उतरला आणि खालचं लॅकर निघालं, मधाच्या रंगाचं, आणि त्याखाली शिलाईचे ठसे, एकावर एक, चार-पाच तरी. एका ठशाशेजारी हिरवी शाई आहे. मी आरसा धरला तर अक्षरं सुलटी झाली. "...र्लो का..." एवढं वाचता येतं. चेंडूवर छापलेलं नाव जोरात आपटलं की लाकडावर उलटं उमटतं, हे मी कितीदा बघितलंय, पण हिरवं कधीच नाही. सगळीकडे निळं किंवा काळं असतं. हिरवी शाई कुठली, आत्या? लगेच कळव.

ऑरिन काकांनीही एक पत्र पाठवलंय, ते मी तुला सांगायचं नाही, म्हणून सांगत नाही. इतकंच म्हणतो, की त्या मुठीवर तुम्हा दोघांचा किती जीव आहे! दोघांनाही कुणाच्या हाताला काटा लागू नये असं वाटतं. मला खरंच भरून आलं.

पुढच्या शनिवारी, बाराला, मूठ उघडतो. सकाळच्या उजेडात. त्या दिवशी दुकान बंद ठेवणार आहे.

वेंडल

---

कॉर्विन
९ ऑगस्ट १९८९
(जलद टपालाने)

वेंडल, थांब.

हे पत्र मिळेल तेव्हा बॅट खाली ठेव. मुठीला हात लावू नकोस. उघडू नकोस, बघू नकोस. बघितलीस तर मला सांगू नकोस.

तू हुशार आहेस पण माणसांच्या बाबतीत नुसता ठोंब्या. मला त्या मुठीच्या काट्यांची काय पडलीय? चाळीस वर्षांत त्या बॅटीला कुणी हात लावला नाही.

आता सांगते, आणि हे पत्र वाचून चुलीत घाल. सामन्याच्या संध्याकाळी ऑरिन घरी आला तेव्हा त्याच्या उजव्या हाताचं मधलं बोट सुजून काकडीएवढं झालं होतं. सगळं गाव बाहेर हॉर्न वाजवत होतं. तो मागच्या दाराने आला, बोट पाण्यात बुडवून बसला, आणि मला म्हणाला, "वर्ना, कुणाला सांगू नकोस." मी कापडाची पट्टी बांधली. विचारलं नाही. काय विचारायचं? लेस्टर म्हणत होता हात, आणि हात माझ्यासमोर होता. ते बोट अजून वाकडं आहे.

त्यानंतर मी चाळीस वर्षं प्रत्येक पिकनिकला लेस्टरच्या तोंडावर सांगितलंय, "बॅटला लागला, मी डोळ्यांनी बघितलं." मी काही बघितलं नव्हतं. समोर एक जाडी बाई टोपी घालून बसली होती. पण भाऊ आहे तो. आई गेल्यावर त्याने मला या घरातून हलू दिलं नाही, लग्न केलं नाही म्हणून कधी टोचून बोलला नाही. त्याच्यासाठी मी याहून मोठं खोटं बोलले असते.

कोरं लाकूड काही बोलत नाही. म्हणून तुला घास म्हणत होते. खूण नाहीच आहे हे सिद्ध होण्यापेक्षा खूण होती की नव्हती हेच कुणाला कळू नये, ते बरं. तो त्र्याहत्तर वर्षांचा आहे. त्या हॉलमध्ये सगळ्या गावापुढे उभं राहून "मी खोटं बोललो" म्हणायची वेळ त्याच्यावर आली, तर मला ते बघवणार नाही. गेले काही दिवस तो जेवत नाहीये. ताट बाजूला सारतो. माझ्या हातचं कधी टाकलं नव्हतं त्याने.

हिरवी शाई त्या अंतिम सामन्याची. मार्लोच्या काच कारखान्याने त्या दिवसासाठी मुद्दाम आपलं नाव छापून चेंडू मागवले होते, हिरव्या बाटल्यांच्या रंगाची शाई. त्याआधी नाही, त्यानंतर नाही. हरल्यावर कुणाला हौस राहते?

घास, वेंडल. आत्याचं ऐक, एकदा तरी.

वर्ना

---

लँकेस्टर
१२ ऑगस्ट १९८९

आत्या, माझी आत्या,

तुझं पत्र दुपारी आलं. मी सकाळी सहालाच बसलो होतो.

चुलीत घातलं नाही, खिशात ठेवलंय. पण आता तुला जे सांगतो ते उभ्याने वाचू नकोस.

मूठ वरून खाली आणत होतो, एकेक बोटभर. बोळा, स्पिरिट, थांबायचं, पुसायचं. तुझं लाखेचं पॉलिश मुठीवर सगळ्यात जाड आहे, काळंच म्हण. चुलीचा धूर आणि तू, दोघांनी मिळून केलेलं. चिकटपट्टी गुंडाळलेली जागा जवळ आली. तिच्या वर दोन बोटं मी आलो आणि बोळ्याखाली काहीतरी हिरवं दिसलं.

मी जोआनला हाक मारली. आणि टेबलावर थापा मारत सुटलो. ती धावत आली, तिला वाटलं मला झटका आला.

शिलाईचा ठसा आहे, आत्या. लाकडात दाबलेला, अर्धचंद्रासारखा, टाके मोजता येतील इतका स्वच्छ. शेजारी हिरवी शाई. आरशात "मार्लो" पूर्ण वाचता येतं, "काच" पण. मुठीच्या वर दोन बोटं. आणि वर तुझं लॅकर, कुठेही न तुटलेलं, काचेसारखं. ह्या खुणेच्या नंतर लॅकर, आणि लॅकरच्या आदल्या दिवशी सामना, आणि हिरवी शाई फक्त त्याच सामन्याची. ह्यात हाताला जागाच नाही गं! चेंडू सबंध बसलाय लाकडावर!

बोटाचं म्हणशील, तर मी पण लहानपणापासून ऐकतोय की धाव घेताना काका पहिल्या बेसवर छातीवर झेपावले. झेपावलेल्या माणसाचं बोट बेसमध्ये घुसून सुजतं, हे मी कितीतरी खेळाडूंचं बघितलंय. शिवाय चेंडू मुठीजवळ बसला की दोन्ही हातांना अशा झिणझिण्या येतात की हात आपले आहेत की शेजाऱ्याचे ते कळत नाही. बोट कधी दुखावलं ते काकांना स्वतःलाच समजलं नसेल.

मी उडी मारली आणि कपाळ दिव्याला आपटलं. आत्ता बर्फ धरून लिहितोय.

बॅट सोमवारी निघेल. मला तिकडे येता येत नाही, त्याच सुट्टीत इथे संग्राहकांचा मोठा बाजार आहे, आगाऊ जागा घेतलीय. सोबत मी माझं भिंग, आरसा आणि काय दिसतं ते लिहून पाठवतो, कुणीतरी मोठ्याने वाचा. आणि कृपा करून हिला कुणी काही लावू नका. मेण नको, तेल नको, पॉलिश तर नकोच. तुझ्यासाठी हे मी मोठ्या अक्षरात लिहिलंय आणि खोक्याच्या झाकणावर चिकटवलंय.

वेंडल

---

कॉर्विन
१७ ऑगस्ट १९८९

वेंडल बाळा,

बॅट आली. मी खोलीचं दार लावून खिडकीशी बसले, तुझ्या आरशातून वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग पलंगावर आडवी पडून रडले, आणि मला ऐकू येत नसल्याने किती मोठ्याने रडले ते कळलं नाही. ऑरिन दार ढकलून आत आला. म्हणाला, "वर्ना, कोण गेलं?" मी म्हटलं, "कोणी नाही. टोमॅटो सडले."

त्याला सांगितलेलं नाही. हॉलमध्ये सगळ्यांसमोर ऐकू दे. लेस्टरचं तोंड बंद होताना त्याने समोरून बघायला हवं, चाळीस वर्षांची ती बाकी आहे. तो मात्र बॅट परत आल्यापासून तिच्याकडे बघतच नाही. काल म्हणाला, "पिकनिकला यंदा मी आलो नाही तर चालेल का? कंबर फार दुखतेय." मी म्हटलं, "कंबर पाटीवर टाकून नेईन, पण येशील."

घाबरलाय बिचारा. लेस्टर काहीतरी डाव करेल असं वाटत असेल त्याला.

आत्या

---

कॉर्विन
६ सप्टेंबर १९८९

प्रिय वेंडल,

तू नव्हतास हे फार वाईट झालं, पण सगळं सांगते, एक शब्द वगळत नाही. ऐकू न आलेलंही लोकांकडून लिहून घेतलंय.

हॉल भरला होता. नदीपलीकडून मार्लोवाले दोन बस भरून आले. लेस्टर कोट घालून, एवढ्या उन्हाचा, एक खिसा फुगलेला. ऑरिनला मी पहिल्या रांगेत बसवला आणि शेजारी बसून त्याची बाही धरली, पळू नये म्हणून. त्याचा चेहरा दह्यासारखा पांढरा. बॅट पांढऱ्या कापडावर टेबलावर ठेवलेली. आजूबाजूला मी भाजून आणलेला गोड पीच-पाय, कुणाचं हॅम, कुणाचे डुकराच्या मांसाचे तळलेले तुकडे, आणि कुणीही खात नाही. असं ह्या गावात आजवर झालं नव्हतं.

अग्निशमन दलाच्या प्रमुखाने तुझा कागद मोठ्याने वाचला. लाखेचा थर, लॅकरचा थर, सगळं. मार्लोचा एकजण उठून म्हणाला, "कुणीतरी नंतर ठोकून बनवली असेल खूण." प्रमुख म्हणाला, "खुणेवर एकोणपन्नास सालचं लॅकर आहे, तडा नाही. बनवायची तर लॅकरच्या आधी बनवायला हवी, आणि आधीचा दिवस म्हणजे सामना." मग त्याने भिंग धरलं, आरसा धरला आणि वाचलं, "मार्लो काच." आणि म्हणाला, "मुठीच्या वर दोन बोटं. चेंडू बॅटला लागला होता."

आणि वेंडल, तुझा काका ताडकन उभा राहिला. कंबर-बिंबर सगळं विसरून. आणि एवढ्या मोठ्याने ओरडला की मला, मला ऐकू आलं.

"लागला होता?!"

सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या.

"खरंच लागला होता? बॅटला?" आणि माझ्याकडे वळून, "वर्ना, बॅटला लागला होता!"

आधी मार्लोवाले हसले. मग आपले. मग प्रमुखाला टेबल धरावं लागलं. ऑरिनला कळलं आपण काय बोलून बसलो, आणि तो कानापर्यंत लाल झाला. त्यालाही माहीत नव्हतं! हात बधिर झाले होते, बोट सुजलं होतं, तो स्वतःच धरून चालला की हाताला लागला आणि आपण खोटं बोलतोय. चाळीस वर्षं! आणि मी त्याच्या शेजारी बसून चाळीस वर्षं त्याच्या खोट्याला माझं खोटं जोडत होते. एका घरात, एका टेबलावर, दोघंही एकमेकांपासून लपवत. आणि दोघंही सबंध वेळ खरंच बोलत होतो!

पण खरी गंमत पुढे. सगळे हसत होते, लेस्टर हसत नव्हता. तो सावकाश टेबलापाशी आला, फुगलेल्या खिशातून चेंडू काढला आणि बॅटीशेजारी ठेवला. तोच चेंडू. त्या दिवशी हातात राहिलेला त्याने घरी नेला होता, तेव्हापासून त्याच्या दिवाणखान्यात शेकोटीवरच्या फळीवर आहे. मार्लोच्या सगळ्यांनी बघितलाय, हिरव्या अक्षरांची बाजू. त्याने चेंडू फिरवला. मागच्या बाजूलाही तेच हिरवं नाव, पण पुसटलेलं, आणि त्यावर, शिलाईजवळ, बोटभर मधाच्या रंगाचा डाग.

मी चाळीस फूट अंतरावरून ओळखला असता तो. माझं लॅकर, वेंडल. आदल्या हंगामाच्या शेवटी मी मारलेलं, चेंडू आपटला तेव्हा बॅटीवरून खरवडून त्याला लागलेलं.

लेस्टर म्हणाला, "मी हा डाग भिंतीकडे करून ठेवला होता."

प्रमुखाने विचारलं, "म्हणजे तुला माहीत होतं?"

"आवाजच आला होता," लेस्टर म्हणाला. "लाकडाचा. मला तेव्हाच कळलं. पण मी चेंडू हातात धरून ओरडत उभा राहिलो म्हणून सामना गेला, हे घरी जाऊन कसं सांगणार होतो? एकदा हात म्हटलं, की हातच." मग ऑरिनकडे बघून म्हणाला, "तू एकदा जरी म्हणाला असतास की तुला नक्की माहीत नाही, तर मी त्याच दिवशी कबूल केलं असतं. पण तू इतका ठामपणे बॅट म्हणायचास, की मला राग यायचा."

ऑरिन म्हणाला, "तू इतका ठामपणे हात म्हणायचास, की मला खरं वाटायचं."

मग दोघंही एकमेकांचे खांदे धरून उभे राहिले आणि कोण हसतंय, कोण रडतंय ते मला मागून दिसलं नाही. मी पीच-पाय कापायला घेतला, कारण कुणीतरी काहीतरी करायलाच हवं होतं. ऑरिनने तीन तुकडे खाल्ले.

कप इथेच आहे. चेंडूही आता काचेच्या कपाटात आहे, डाग पुढे करून. कपाटाची काच मार्लोची, कड्या शवपेटीच्या.

तुझी,
वर्ना आत्या

ता. क. वेंडल, मी ऑरिन. ती माझ्याकडे पत्र घडी घालायला देऊन गेली, म्हणून मागच्या पानावर लिहितो. तू मूठ घासली नाहीस, त्याबद्दल काय लिहू? तुझ्या काकाचं न ऐकल्याबद्दल उपकार. लेस्टर रविवारी जेवायला येतोय, पुढच्या वर्षी भांडायला काहीतरी नवीन शोधायचंय. आणि तू तुझ्या आत्याला एक कडक पत्र पाठव. काल मी हॉलमध्ये सहज डोकावलो, तर कपाटाचं दार उघडं होतं आणि ती बॅटीसमोर ब्रश घेऊन उभी होती.